अंदाजाचा तास

"कांदा तपकिरी होईपर्यंत परता, साधारण पाच ते सात मिनिटं." हे वाक्य मी निदान शंभर पाककृतींत वाचलं असेल. सुरुवातीचं एखादं वर्ष माझी ठाम समजूत होती की शेगडी बिघडली आहे. मग वाटलं, पातेलंच जाड आहे. मग वाटलं, आपल्याच हाताला गुण नाही. सात मिनिटांनी माझा कांदा जेमतेम मऊ आणि काचेसारखा व्हायचा. आच वाढवली की कडा करपायच्या आणि मधला भाग तसाच पांढरा राहायचा.

दोष शेगडीचा नव्हता. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते निघून जाईपर्यंत कांदा शंभर अंश सेल्सिअसच्या फारसा वर चढत नाही, आणि आपल्याला हवा असलेला रंग नि खमंग वास झपाट्याने येऊ लागतो तो १४० अंशांच्या आसपास. शर्करा आणि अमिनो आम्लं एकत्र तापवल्यावर होणाऱ्या या बदलाचं वर्णन लुई-कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. कांदा मात्र त्याआधीपासून हा नियम इमानेइतबारे पाळत आला आहे. मंद आचेवर, खाली लागू न देता, पातेलंभर कांदा नीट तपकिरी व्हायला पाऊण तास लागतो. पाच मिनिटांत तो तपकिरी होतो फक्त कागदावर.

पाककृती लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण 'पाऊण तास' असं खरं लिहिलं तर पाककृती 'झटपट' या सदरात बसत नाही. शिवाय त्यांचं घड्याळ सुरू होतं तेव्हा कांदा सोलून, चिरून वाटीत तयार असतो. तो कोणी चिरला हे विचारायचं नाही. भांडी घासणारा माणूस तर त्या हिशोबात जन्मालाच आलेला नसतो.

एवढ्याशा कांद्यावरून इतकं चिडायचं कारण असं की आज जिकडेतिकडे एकच सल्ला ऐकू येतो: बाजारातून ताजं आणा, घरी शिजवा, पाकिटातलं कमी खा. डॉक्टर सांगतात, सरकारं सांगतात. सल्ला खोटा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं, दोन आठवडे साध्या जिन्नसांचं. पुढ्यात येणाऱ्या ताटातले उष्मांक, साखर, मीठ, तंतू दोन्हीकडे जुळवलेले होते, आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. हा निष्कर्ष मोठाच आहे, आणि तो हलका लेखायचा माझा विचार नाही. मला फक्त त्यातली एक बारीक गोष्ट खटकत राहते. त्या महिनाभरात त्या २० जणांपैकी एकालाही कांदा चिरावा लागला नव्हता. दोन्ही प्रकारची ताटं तयार होऊनच समोर येत होती.

सल्ला आणि ताट यांच्यामध्ये जो कांदा चिरणारा माणूस आहे, त्याला जे यावं लागतं ते कोणी शिकवायचं, हा माझ्या मते सार्वजनिक प्रश्न आहे. माझं उत्तर: शाळेने. सगळ्या मुलांना, मुलगा-मुलगी न पाहता, वाचन आणि बेरीज शिकवतात तितक्याच गंभीरपणे. आणि शिकवायचं ते पदार्थ नव्हेत, अंदाज.

पाकिटातल्या अन्नाचा सर्वांत मोठा गुण स्वस्ताई किंवा सोय नाही. त्याचा गुण आहे सारखेपणा. कारखान्यात कच्चा माल कसाही येवो, आंबट, पाणचट, जून, कोवळा. त्यातला फरक पुसून टाकणं हेच तिथलं मुख्य काम. म्हणून डब्यातलं सूप जानेवारीतही तेच आणि जुलैतही तेच. ताजा जिन्नस मात्र रोज वेगळा असतो. आजचा टोमॅटो आंबट, परवाचा नुसता पाण्याचा फुगा. एका लिंबातून वाटीभर रस निघतो, त्याच ढिगातल्या दुसऱ्यातून चमचाभर. एकाच झाडाच्या दोन मिरच्यांचा तिखटपणा जुळत नाही. मटारच्या शेंगा तोडल्यापासून त्यांतल्या साखरेचा पिष्ट होऊ लागतो, त्यामुळे कालचे दाणे आजच्याहून कमी गोड आणि जास्त पिठूळ. थंडगार जागी ठेवलेल्या बटाट्यात उलटा प्रवास, पिष्टाची साखर होते. असा बटाटा तळायला घेतला की आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट पडतो. थोडक्यात, कारखान्यातली यंत्रं आणि तपासनीस मिळून जो फरक निस्तरतात तो घरात एकट्या माणसाला जिभेने, नाकाने आणि बोटांनी निस्तरायचा असतो.

'ताजं आणा नि शिजवा' असं म्हणताना हे काम आपण त्या माणसाकडे सोपवत असतो आणि वर हातात एक पाककृती देतो. पाककृती लिहिणाऱ्याचा टोमॅटो वेगळा होता, माझा वेगळा आहे, हे त्यात कुठे लिहिलेलं असणार?

'चवीनुसार मीठ' या शब्दांची लोक थट्टा करतात. मीही केली आहे. स्वयंपाक शिकायला लागलो तेव्हा वाटायचं, हा लिहिणाऱ्याचा चुकारपणा आहे, सरळ किती चमचे ते सांगायला काय जातं? आता उलट वाटतं. अख्ख्या पाककृतीत तेवढीच दोन शब्दांची जागा प्रामाणिक असते. बाकी सगळीकडे मिनिटं आणि चमचे छातीठोकपणे सांगितलेले असतात; तिथे मात्र लेखक कबूल करतो की बाबा रे, तुझ्या पातेल्यात काय चाललंय ते मला इथून दिसत नाही. अडचण एवढीच की ती सूचना पाळायला चव कळावी लागते. मीठ कमी आहे की आंबट कमी आहे, की दोन्ही ठीक आहे आणि नुसतं पाणी आटायचं राहिलंय, हे ओळखता यावं लागतं. मला ते ओळखायला बरीच वर्षं लागली. रस्सा सपक लागला की मी मीठ घालत सुटायचो. अनेकदा त्याला हवं असायचं लिंबू.

शितावरून भाताची परीक्षा ही आपण म्हण म्हणून वापरतो, पण ती मुळात सूचना आहे. घड्याळाला विचारू नको, शिताला विचार. एक शीत काढ, बोटांत दाब, मध्ये कणी लागते का पाहा. हीच गोष्ट वाटाण्याची, बटाट्याची, माशाच्या तुकड्याची. ही परीक्षा घ्यायला शिकवता येते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चार वेळा करायला दिली तर पाचव्यांदा ते आपल्याला चूक दाखवतं.

इथे कोणीतरी म्हणतंच, की रोजच्या स्वयंपाकाचं ठीक आहे, भाजण्याचं, पाव-केकचं तसं नाही; ते शास्त्र आहे, तिथे अंदाज चालत नाही. हा समज इतका पक्का आहे की त्यावर जरा थांबायला हवं. पावाच्या वाटेला मी मोठ्या उमेदीने गेलो होतो. मोजून मापून पहिला पाव केला तो विटेसारखा झाला. दुसरा त्याच मापाने केला, तो पसरून ताटासारखा झाला. मापं तीच होती. म्हणजे मला वाटत होतं की तीच होती.

मी कपाने पीठ मोजत होतो. कप पिठात खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅमच्या आसपास पीठ मावतं. चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केलं तर सव्वाशेच्या जवळपास. तीन कपांत पाऊणशे ग्रॅमचा घोळ. सपाट मापाचा आग्रह फॅनी फार्मर यांनी बॉस्टनमध्ये १८९६ सालीच धरला होता, पण सपाट कपसुद्धा पीठ किती दाबलं गेलं ते सांगत नाही. बेकरीवाले म्हणूनच वजनाने काम करतात. पीठ म्हणजे शंभर, आणि पाणी, मीठ, यीस्ट हे सगळं त्याच्या टक्क्यांत. मीठ दोन टक्के, पाणी साठ-पासष्ट टक्के, असं. छोटा वजनकाटा आणला आणि माझा अर्धा घोळ त्या दिवशीच मिटला.

अर्धाच. कारण उरलेला अर्धा काट्यावर येत नाही. पीठ कोणत्या गव्हाचं, किती बारीक, कोंडा किती, हवेत दमटपणा किती, यावर ते पाणी किती पिणार ते ठरतं. यीस्ट हा जिवंत जीव आहे; वीस अंशांच्या खोलीत त्याला जे काम करायला दोन तास लागतात ते तीस अंशांच्या खोलीत तासाभरात उरकतं. 'दीड तास झाकून ठेवा' हे वाक्य नेमक्या कोणत्या खोलीतलं? घरगुती ओव्हनचं तर विचारूच नका. चकतीवर १८० लिहिलेलं असतं आणि आत दहा-वीस अंश इकडेतिकडे चालू असतं; मागचा उजवा कोपरा जास्त तापतो हे त्या ओव्हनच्या मालकाशिवाय कोणाला माहीत असणार? म्हणून अनुभवी माणूस फुगलेल्या गोळ्यात बोट खुपसतो. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरला तर ओव्हन तापवायला हरकत नाही. तसाच राहिला तर उशीर झाला. हे बोट म्हणजेच शीत. फरक एवढाच की इथे मापाने आपली निम्मी काळजी उचललेली असते, त्यामुळे उरलेलं सगळं लक्ष बोटाकडे देता येतं. मापाशी माझं भांडण नाही. माप दिलं म्हणजे शिकवून झालं असं मानण्याशी आहे.

'ताजं' या शब्दाचाही आपण उगाच देव करून ठेवला आहे. लांबून आलेली, दोन-तीन दिवस वाहनात आणि गोदामात पडलेली पालेभाजी बाजारात मांडली की ताजी ठरते. शेतातून निघाल्यावर काही तासांत वाफवून गोठवलेले मटार मात्र शिळे ठरतात. पोषणाच्या हिशोबाने अनेकदा ते गोठवलेले मटारच सरस असतात. हंगाम नसताना फिकट टोमॅटोशी झगडण्यापेक्षा डब्यातला टोमॅटो वापरणारा माणूस मला शहाणा वाटतो. कोणत्या दिवशी कशाला ताजं म्हणायचं, हाही अंदाजाचाच भाग.

बाजारात तो अंदाज सगळ्यात आधी लागतो. घरून पदार्थ ठरवून निघालेला माणूस यादीतली वांगी कशीही असली तरी घेऊन येतो. जाणता माणूस आधी ढीग पाहतो आणि मग पदार्थ ठरवतो. सारख्या आकाराच्या दोन लिंबांतलं जड ते उचलतो. मलूल गाजर पाहून नाक मुरडत नाही, कारण थंड पाण्यात ठेवलं की ते पुन्हा ताठ होतं हे त्याला माहीत असतं. घरी आल्यावर सफरचंदं पालेभाजीशेजारी ठेवत नाही. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. पिकलेला टोमॅटो खाण्याआधी उगाच फ्रिजमध्ये कोंबत नाही, कारण फार थंडीत त्याचा वास मरतो. ही सगळी माहिती एका पानावर मावेल. ती नसल्याची किंमत मात्र फार मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात साली-देठांसकट १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून गेलं. या सगळ्याचं खापर अज्ञानावर फोडता येणार नाही. पण उत्साहाने आणलेली आणि तळाशी सडलेली जुडी कोणाच्या घरात नसते?

शाळेत हे शिकवायची कल्पना नवी नाही. ती बिघडली कशी, ते मात्र पाहण्यासारखं आहे. एलन स्वॉलो रिचर्ड्स या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री, १८७३ सालच्या पदवीधर, रसायनशास्त्रज्ञ. पिण्याचं पाणी आणि किराणा मालातली भेसळ तपासता तपासता त्या घरापर्यंत पोहोचल्या, आणि १८९९ पासून अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड या गावी भरलेल्या परिषदांमधून त्यांनी गृहशास्त्राची चळवळ उभी केली. सुरुवातीला तिच्यात प्रयोगशाळेचा वास होता. पुढे ठिकठिकाणी त्याचं काय झालं ते आपण जाणतो. विषय मुलींचा ठरला, मुलगे सुतारकामाला गेले. मुलींनाही ठरावीक पदार्थांची वही भरायला लावली, आणि शेवटी हुशार मुलींनी घ्यायचा नाही तो विषय, अशी त्याची पत झाली. मुलग्यांना तो आलाच नाही, मुलींना तो लादल्यासारखा आला.

त्यामुळे आता स्वयंपाक शाळेत आणू म्हटलं की अनेक स्त्रियांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती रास्त आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली ६४ देशांची आकडेवारी धरून हिशोब मांडला: घरातल्या विनामोबदला कामाच्या तासांपैकी ७६.२ टक्के तास बायकांचे. अशा जगात 'घरचं ताजं जेवण' या शब्दांचा उच्चार कितीही गोड केला तरी त्याचा अर्थ 'तिने लवकर उठावं' असाच निघतो. पण यावर उपाय म्हणून स्वयंपाकाचं शिक्षणच नको म्हटलं, तर ज्यांना तो घरी बघून बघून, मुकाट्याने शिकावा लागतो त्यांच्यावरच तो राहणार. 'मला येत नाही' ही सबब फार उपयोगी असते. मी ती तिशीपर्यंत बिनधास्त वापरली आहे, आणि ती चालवून घेतली गेली, हे सांगताना मला आज लाज वाटते.

काही देशांनी ही सबब काढून घेतली आहे. जपानमध्ये गृहशास्त्र १९९३ साली कनिष्ठ माध्यमिक आणि १९९४ साली वरिष्ठ माध्यमिक शाळांत मुलगे-मुली सगळ्यांना सक्तीचं झालं. २००५ साली तिथे अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदाही आला. फिनलंडमध्ये सातवीतल्या प्रत्येक मुलाला तो विषय घ्यावाच लागतो. इंग्लंडने २०१४ पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अभ्यासक्रमात स्वयंपाक घातला. याने तिथली घरं रातोरात समतेची झाली असं कोणी म्हणणार नाही. जपानकडे पाहून तर मुळीच नाही.

कारण यायला लागणं ही अर्धी गोष्ट, करायला वेळ असणं ही दुसरी. ब्राझीलने २०१४ साली आहाराची जी मार्गदर्शिका काढली तिचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. ताजे आणि कमी प्रक्रिया केलेले जिन्नस घरी शिजवा, हा सल्ला तीही देते. पण त्याच दमात वेळ नाही, येत नाही, परवडत नाही, जवळ मिळत नाही या अडचणीही नोंदवते, आणि घरातल्या सगळ्यांनी काम वाटून घ्यावं असं स्पष्ट म्हणते. सरकारी कागदावर 'वेळ' हा शब्द आला की त्याची जबाबदारी थोडी तरी सरकारकडे येते. कामाचे तास, प्रवासाचे तास, बाजार कधी बंद होतो ते. संध्याकाळी साडेसातला दमून घरी पोहोचणाऱ्या माणसाला ताज्या भाज्यांची महती सांगणाऱ्याने आधी त्याच्या साहेबाला गाठावं.

मग शाळेतल्या तासाने काय होणार? निदान असलेल्या अर्ध्या तासात काय होऊ शकतं आणि काय नाही हे कळेल. तपकिरी कांद्याचा हट्ट आज सोडायचा आणि रविवारी करायचा, हे कळेल. आहे त्या तीन जिन्नसांत भागवता येईल. ज्याला अंदाज नाही त्याला प्रत्येक जेवण पाककृतीपासून सुरू करावं लागतं, यादी करून बाजारात जावं लागतं, आणि म्हणून त्याचाच वेळ सगळ्यात जास्त जातो.

'हल्ली मुलं व्हिडिओ बघून शिकतात की' असंही ऐकवलं जातं. शिकतात, आणि सुरी कशी धरायची हे व्हिडिओत फार छान दिसतं. पण व्हिडिओला वास नसतो, आणि वाट बघायचा भाग त्यात कापलेला असतो. कांदा पांढरा असतो, पडदा लुकलुकतो, कांदा तपकिरी असतो. नेमकं मधलंच तर शिकायचं होतं.

एका शिक्षक मित्रासमोर मी हे सगळं मांडलं. शेगड्या, सुऱ्या, विमा, पालकांच्या तक्रारी यांचं त्याला फार वाटलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही आम्लं हाताळू देतो, तो म्हणाला, सुरीचं काय घेऊन बसलास. त्याची अडचण वेगळीच होती. "गुण कसे देऊ? पदार्थ ठरवून दिला तर सगळे तोच घोकून करतील. नाही ठरवला तर मोजू कशाशी?"

मी म्हटलं, प्रत्येकाला तीन टोमॅटो दे. एक कच्चट, एक पिकलेला, एक अति पिकून मऊ पडलेला. थोडं मीठ, अर्धं लिंबू, चिमूटभर साखर, एक शेगडी. तिन्हींचं वेगवेगळं सूप करू दे आणि तिन्ही वाट्यांची चव शक्य तितकी एकमेकींच्या जवळ आणू दे. शेवटी कागदावर लिहून घे, कशात काय घातलं आणि का. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तीस मुलांच्या नव्वद वाट्या मला चाखायला लागणार."

हो, त्या लागणार. मी त्याला म्हटलं, सोबत पाण्याचा तांब्या ठेव.